अक्कलदाढ काढल्यावर शंख फुंकू नये

भक्ताच्या दाढेकडे बघायला दत्तगुरूंना सवड असते का, अशी शंका मला ज्या आठवड्यात आली, त्या आठवड्यात माझा उजवा गाल एवढा सुजला होता की आरशात आधी गाल यायचा आणि मागून सावकाश मी. खालची अक्कलदाढ आडवी उगवली होती. डॉक्टरताईंनी ती तुकडे करून काढली. तो ऐवज मी डोळ्यांनी पाहिलाय, वेरूळच्या लेण्यातला एखादा खांब कमी झाला असेल तर तपास माझ्या तोंडात करावा. ताईंनी बजावलं, "काका, जखमेवर रक्ताची गुठळी बसलीये, तेच तिचं झाकण. जोरात चूळ नाही, थुंकणं नाही, स्ट्रॉ नाही, सिगारेट नाही. गुठळी निघाली तर हाड उघडं पडेल, मग रडत यायचं नाही."

मी सगळं पाळलं. गार खिचडी अशी गिळली की साधू-संन्याशांनी शिकवणी लावावी. शंखाबद्दल मात्र ताई काही बोलल्या नव्हत्या आणि मीही हुशारीनं विचारलं नव्हतं. आमच्या मुकुंदवाडीच्या दत्तमंदिरात गुरुवारच्या आरतीचा शंख मीच फुंकतो. खोटं सांगत नाही, मी फुंकू लागलो की चिकलठाण्याला उतरणारं विमान आकाशात एक चक्कर जास्त मारतं. माझ्या शंखाशिवाय देव जागा होत नाही, अशी माझी मनातून पक्की समजूत होती. त्या गुरुवारी बायकोनं दारातच शपथ घातली, "अहो, नुसतं दर्शन. फुंकायचं नाय!" मी मान डोलावली. पण मंदिरात कमिटीचे नाना भेटले. त्यांनी नुकतीच विजेवरची आरतीची मशीन आणलेली, एका बटणावर नगारा, घंटा, शंख सगळं सुरू. म्हणाले, "बसा तुम्ही निवांत. मशीन आहे की. तिला दाढच नाय!" लोक हसले. माझ्या अंगात भक्ती उसळली, निदान मी तरी तिला भक्तीच समजलो. शंख उचलला. सूर कळसापर्यंत चढला आणि अर्ध्यातच जबड्यात काहीतरी सटकन सुटलं. शंख जागच्या जागी गप्प.

ती रात्र कशी गेली ते दुश्मनालाही सांगू नये. कळ दाढेतून कानात, कानातून कपाळात, तिथून भिंत ओलांडून शेजाऱ्यांकडं जाते की काय असं वाटत होतं. तोंडाला कुजका वास. विष डोक्यात चढलं, आता आपण काही पुढचा गुरुवार बघत नाही, या भीतीनं खरोखर घाम फुटला. पण बायकोला सांगावं तर शपथ मोडल्याचं कळणार, आणि ताईंकडं जावं तर त्या आधी विचारणार, केलंत काय? म्हणून मी मोठ्या अकलेचा बेत केला. सकाळी ती पाणी भरत असताना दूध आणतो म्हणून बरणी घेऊन निघालो, तो थेट स्टेशनवर. जालन्याला बहिणीकडं जाऊ, तिथला डॉक्टर आपल्याला ओळखत नाही! बाकावर डोकं धरून म्हणालो, "गुरुदेवा, तुमच्याच शंखापायी झालंय. आता तुम्हीच या."

डोळे उघडले तर समोर कुत्री. मोजली म्हणून सांगतो, चार. पाचवं होतं, पण ते येणारं-जाणारं, त्याला मी धरत नाही. त्यांच्यामध्ये एक किडकिडीत माणूस, खांद्याला झोळी, झोळीतून टोस्ट काढून त्यांना घालतोय. माझ्या गालाकडं बघून म्हणाला, "क्या हुआ मामू? कल शंख तुमीच बजाये क्या?"

मी गाल हातानं झाकला. याला कुणी सांगितलं?

त्यानं कुत्र्यांकडं बोट केलं. "अरे, ये पोट्टे हर जुम्मेरात को शंख के संग रोते ना! कल सूर लगाये, और शंख बीचमेंच बंद. बिचारे मुंडी ऊपर करके खडे के खडे. मैं बोला, बजानेवाले को कुछ तो बी हुआ. अब कां चले?"

"जालना," मी मिटल्या जबड्यातून म्हणालो.

"कायकू? दाढ जिसने निकाली, उसकेच पास जाते ना. बैठो."

त्याच्या स्कूटरवर मी मागं, हातात रिकामी बरणी, आणि पाठीमागं धावणारी कुत्री. एवढी थाटाची मिरवणूक माझ्या लग्नातही नव्हती. ताईंचा दवाखाना खाली, घर वर. त्या उतरून आल्या. "चूळ भरली? थुंकलात? स्ट्रॉ? सिगारेट?" प्रत्येक प्रश्नाला मी संताच्या चेहऱ्यानं नकार दिला. एकही शब्द खोटा नव्हता. तेवढ्यात दारातून आवाज आला, "शंख बजाये, मॅडम."

ताईंनी कपाळाला हात लावला. जखम धुतली, लवंगेच्या वासाची औषधाची पट्टी आत बसवली. "गुठळी निघाली, हाड उघडं पडलंय. पण पू नाही, ताप नाही. वेळेवर आलात." थोड्या वेळात कळ अशी उतरली की मी तिथंच खुर्चीत हात जोडले. ताईंनी फोन करून बायकोला बोलावलं. आल्या आल्या ती म्हणाली, "शपथ मी भिंतीला घातली होती का?" पण तिचे डोळे भरलेले होते.

या गडबडीत तो माणूस निघून गेला होता. अशा अनुभवांत तो नंतर कधीच सापडत नाही. माझा सापडला. चिकलठाण्यात त्याची बेकरी आहे. म्हणून काय झालं? दत्तगुरूंनी टोस्ट भाजू नयेत असं कुठं लिहिलंय? मी चमत्कार म्हणत नाही. पण मी जालन्याकडं पळत होतो आणि मला वाटेतून उलटं फिरवलं गेलं, एवढं खरं.

पुढच्या गुरुवारी मी मंदिरात हात बांधून बसलो. नानांनी ऐटीत बटण दाबलं आणि नेमकी लाईट गेली. शंखाची वेळ आली, सगळं शांत. माझे ओठ शिवशिवले. बायकोनं नुसतं बघितलं. कुणीतरी हातातली घंटा वाजवली, आणि स्टेशनच्या बाजूनं त्या कुत्र्यांचा लांब सूर उठला. एक, मग दुसरं, मग चारही. देवापुढची ज्योत तशीच तेवत होती. मी नव्हतो, मशीन नव्हती, आणि देवाचं काही अडलं नव्हतं. बायको कानाशी म्हणाली, "तुमच्यापेक्षा दम आहे हो त्यांना." मी हसलो, जबडा दुखला, डोळ्यांत पाणी आलं. ते दुखण्याचं होतं असं मी सगळ्यांना सांगितलं.

आता जखम भरली. ताईंच्या परवानगीनं शंख पुन्हा माझ्याकडं आलाय. विमानं पुन्हा चक्कर मारतात. फक्त मी हल्ली श्वास संपायच्या आधीच शंख खाली ठेवतो आणि डोळे मिटून थांबतो. शेवटचा सूर त्यांचा.