उडवलेल्या दोनशे बारा चांदण्या

माझी आत्या वाचनालयात सूचीकार होती. म्हणजे कुठलं पुस्तक कुणाचं, कधीचं, कुठे छापलेलं याची यादी करणारी. तिथले लोक तिला पाठीमागे प्रत्यक्षबाई म्हणत. कुणी एखाद्या पुस्तकाचं नाव घेतलं रे घेतलं, की हिचं ठरलेलं, "प्रत्यक्ष पाहिलंय का?" भाड्याची खोली बघायला गेली तेव्हा घरमालक म्हणाला, पाणी दिवसभर असतं. तर ही संध्याकाळपर्यंत नळापाशी बसून राहिली. माझे बाबा, म्हणजे तिचे धाकटे भाऊ, हा किस्सा रंगवून सांगायचे. ती म्हणायची, "चारला गेलं होतं पाणी."

निवृत्तीनंतर तिने शाळामास्तरांनी लिहिलेल्या पुस्तकांची सूची करायला घेतली. चौदा वर्षं तेच. आधी कार्डांवर, मग माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर दोन बोटांनी. सहा हजारांवर नोंदी झाल्या. जे पुस्तक तिने स्वतः हातात घेतलं नव्हतं, नुसतं जाहिरातीत वाचलं होतं किंवा कुणाकडून ऐकलं होतं, त्याच्या नावाआधी ती एक चांदणी, म्हणजे * ही खूण, टाइप करायची. टाइप झालेली कार्डं रद्दीत गेली, खोलीत जागाच नव्हती. कॉम्प्युटरनेही शेवटी मान टाकली. सूचीची फाइल उरली ती माझ्याकडच्या पेनड्राइव्हवर.

त्या सूचीची वेबपेजेस करून वाचनालयाच्या साइटवर चढवायचं काम मी अंगावर घेतलं होतं. माझा व्यवसायच तो. पण पानं तयार करणाऱ्या प्रोग्रॅमला चांदणी म्हणजे तिरकं अक्षर करायची खूण वाटायची. एका चांदणीपासून दुसरीपर्यंतचा सगळा मजकूर आडवातिडवा व्हायचा. मी वैतागून एका फटक्यात सगळ्या चांदण्या उडवल्या. दोनशे बारा, असा आकडा पडद्यावर आला. त्या कशासाठी आहेत हे तिने मला फोनवर सांगितलं होतं. तेव्हा मी दुसरंच काम करत हं हं करत होतो. तिची प्रस्तावनाही मी न वाचता चिकटवली. त्यात स्पष्ट लिहिलं होतं, 'चांदणी नसलेलं प्रत्येक पुस्तक मी स्वतः पाहिलं आहे.'

आत्याने पहिल्या वीस नोंदी अक्षर न् अक्षर तपासल्या. त्यांत चांदणीचं पुस्तक नेमकं एकही नव्हतं. मग चष्मा काढून म्हणाली, "डोळे दुखतात रे. बाकीचं तुझ्यावर सोडते." मला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं होतं.

दोन महिन्यांनी एका प्राध्यापिकेचं तिला पत्र आलं. सूचीवर विसंबून ती एका पुस्तकासाठी तीन गावं फिरली होती. पुस्तक कधी छापलंच गेलं नव्हतं, नुसती जाहिरात झाली होती. आत्याने शेजारणीच्या फोनवर साइट उघडली, खालपर्यंत गेली आणि मला फोन केला.

"एकही चांदणी नाही रे. मी दिलेल्या फाइलमध्ये होत्या का?"

त्या क्षणी मला सगळं कळलं होतं. मी म्हणालो, "बघायला हवं."

अशी वेळ मारून नेली. मी नालायकासारखा वागलो, दुसरा शब्द नाही. उद्या सांगू, चांदण्या परत घालून मग सांगू, असं करत दिवस ढकलले. साइट दुरुस्त करायला दीड तास लागला. पण सांगायला जीभ रेटेना.

मग एक दिवस बाबा म्हणाले, "आत्याने गॅस पेटवणं सोडलंय. शेजारीण दोन वेळचं आणून देते. आत्या म्हणते, चांदण्या टाकतेय असं मला नुसतं वाटत होतं, उद्या गॅस बंद केलाय असंही नुसतं वाटेल."

मी तसाच उठलो आणि मूळ फाइल छापून तिच्याकडे गेलो. ती खाटेवर बसली होती. ओट्यावर एक भांडं नव्हतं. मी कागद पुढे केले आणि घडलं ते सगळं सांगितलं, फोनवरच्या हं हं सकट. ती एकेका चांदणीवर बोट ठेवत दोन पानं गेली.

"तुला कधी कळलं?"

"तुझा फोन आला तेव्हाच."

ती रागावेल म्हणून मी तयार होतो. तिने उशाखालची वही काढून माझ्यापुढे ठेवली. रोज सकाळची तारीख घालून खाली तिचं पूर्ण नाव, पत्ता, बाबांची जन्मतारीख, माझा फोन नंबर. सगळं आठवून लिहिलेलं. तेवीस दिवसांची तेवीस पानं. मी सगळी उलटली, चूक एकाही पानावर नव्हती.

"रोज बरोबर येत होतं," आत्या म्हणाली. "पण तू बघायला हवं म्हणालास आणि पुढे काही बोललाच नाहीस. मला वाटलं, घोळ माझाच निघाला असणार आणि मला वाईट वाटू नये म्हणून तू गप्प आहेस."