झाकणावरचं गंध

घरोघरी केबल आली, त्या सुमारास अप्पांनी जुनी मोटार घेतली. पहिल्यांदा टाकी भरली तेव्हा आईनं पेट्रोल पंपावरच टाकीच्या झाकणाला गंधाचा जाड लेप दिला, वर कुंकू लावलं. त्याच दिवशी तिरुवैयारूच्या संगीत उत्सवात पाच वाजता माझ्या मोठ्या बहिणीचं, अक्काचं, पहिलं गाणं होतं. मी आनंदानं खिडकीतून अर्धा बाहेर होतो.

अर्ध्या वाटेवर, कालव्यापाशी, मोटार बंद पडली. चावी फिरवून अप्पा दमले. अक्का रडवेली झाली.

तेवढ्यात मोपेडवरून एक माणूस आला. कमरेची वेष्टी लुंगीसारखी गुडघ्यापर्यंत दुमडलेली, कानामागे विडी. बॉनेटला त्यानं हातही लावला नाही. "पेट्रोल आत्ताच भरलं?" एवढं तमिळमध्ये विचारून तो मागे गेला आणि हसला. झाकण सैल करताच टाकीनं सूं करून हवा आत ओढली. हवेसाठी झाकणाला बारीक भोक असतं, तेच गंधानं बुजलं होतं, म्हणून पेट्रोल इंजिनापर्यंत पोचत नव्हतं.

आईच्या बांगडीतली पिन मागून त्यानं ते मोकळं केलं. आई ओशाळली. तो म्हणाला, "अम्मा, देवाला गंध लावताना नाक मोकळं सोडता ना? हिलाही श्वास लागतो."

मोटार एका फटक्यात सुरू झाली. मी टाळ्या पिटल्या.

खरवडलेलं गंध त्याच्या बोटावर होतं. मला वाटलं, वेष्टीला पुसेल. त्यानं ते कपाळाला लावलं आणि निघून गेला. नाव विचारायचं राहिलंच.

अक्का अजून गाते. दोन ओळींच्या मध्ये ती श्वास घेते, तेव्हा मला ते कपाळ दिसतं.