नाल्यातला तंबू

तंबूचा विषय निघाला की अजून माझं डोकं फिरतं. आमच्या यांनी मागच्या साली ऑनलाइन मागवला होता तो. दुकानात डाळ विकता विकता मोबाईलवर डोंगर बघत बसलं की माणसाचं असंच होतं. पावसाळा सरत आला तसे हे, मी आणि सासूबाई लातूरहून किनवटच्या डोंगरात निघालो. सासूबाईंचे दोन्ही गुडघे गेलेले, पण लेकाची हौस म्हणून त्याही गाडीत बसल्या.

तिथं एका नाल्याशी थांबलो. काठावर सगळे दगडगोटे आणि झुडपं. खाली नाल्यात मऊ वाळू, मधून हातभर रुंद पाण्याची धार. यांनी वाळूतच तंबू ठोकला. गुरं राखणारी एक बाई काठावरून म्हणाली, वरच्या डोंगरात पाऊस लागलाय, नाल्यात राहू नका. हे हसले.

"मावशी, आमच्या गावचा बाजारच नदीत भरतो. नदीत बसून भजी खाल्लेली माणसं आम्ही."

खोटं नव्हतं ते. यांच्या गावी वर्षाचे दहा महिने नदीच्या कोरड्या पात्रातच बाजार भरतो. नदीला पाणी येतं हे आमच्या लोकांच्या डोक्यातूनच गेलंय. माझं माहेर मुखेडकडचं, ओढ्याकाठचं. ओढा कोरडा ठणठणीत असला तरी वडील त्यात बैल बांधू देत नसत. पण सुनेनं किती बोलायचं? गिळलं.

जेवणं झाली. सासूबाई तंबूत आडव्या झाल्या, हे रेंज शोधत टेकडीवर गेले, मी धारेवर भांडी घासत बसले. आमच्या डोक्यावर लख्ख ऊन होतं. अचानक पाणी गढूळ झालं, मग पाचोळा, काटक्या वाहत यायला लागल्या. भांडी टाकून मी पळाले. सासूबाईंना उठता येईना. ती बाई काठावरून धावत आली आणि आम्ही दोघींनी त्यांना बखोटीला धरून ओढलं. काठ चढेपर्यंत पाणी माझ्या मांड्यांना लागलं होतं. मागं वळून पाहिलं तर तंबू नव्हता.

हे धापा टाकत आले. आईकडं बघितलं, नाल्याकडं बघितलं आणि म्हणाले, "चांगला वॉटरप्रूफ होता गं."

माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. सात पिढ्यांचा उद्धार केला मी त्यांच्या, परक्या बाईसमोर.

सासूबाईंनी माझा हात दाबला. "त्याला नको बोलू. ती बाई बोलली तवाच मला कळलं होतं. पण पोरगं लई हौसेनं लावून राहिलं होतं. मन मोडवलं न्हाई."

यांचं एक वेळ सोडून देते, त्यांना खरंच कळत नव्हतं. मला कळत होतं, आणि म्हातारीचं अंथरूण त्या वाळूत मीच घातलं होतं.