सात नंबरचा श्वास

मास्तर आणि मी वाद्यवृंदात सव्वीस वर्षं एकाच स्टँडवरची स्वरलिपी वाचत व्हायोला वाजवतोय. व्हायोला म्हणजे काय, हे लोकांना अजून समजावावं लागतं. व्हायोलिनची थोरली बहीण म्हणायचं आणि सुटका करून घ्यायची. दिवसभर तालीम, संध्याकाळी मास्तरांची शिकवणी. पोरांना वाद्यवृंदातल्या नोकरीच्या परीक्षेसाठी तयार करतात. वाजवायच्या आधी नाकाने एक छोटा श्वास घ्यायचा, हा त्यांचा हट्ट. "नाहीतर दार न वाजवता घरात घुसल्यासारखं होतं," हे सांगून सांगून त्यांचा घसा बसलाय.

परीक्षा पडद्याआड होते. वाजवणारा दिसत नाही, पावलं ऐकू येऊ नयेत म्हणून गालिचा अंथरतात, नावाऐवजी नंबर. परीक्षकाने कुणाला ओळखलं तर त्याला मत द्यायचं नाही.

यंदा जागा एकच होती आणि मास्तरांची मुलगी पाचव्यांदा बसली होती. आता नाही झालं तर व्हायोला कायमची पेटीत आणि ती काकांच्या दुकानात, असं घरात ठरलेलं. पाच परीक्षकांत आम्ही दोघंही होतो. निवडीला तीन मतं हवीत.

चार नंबरने सुरुवात केली. मला वादन बरं वाटलं, मी 'हो' लिहिलं. मास्तर जांभई दाबत कुजबुजले, "श्वासच नाही. हे पोर शिकलंय कुणाकडे?" आणि 'नाही' लिहिलं.

सात नंबरने श्वास घेतला. मास्तरांनी पेन्सिल खाली ठेवली. "ओळखलं," ते अध्यक्षांना म्हणाले. मला त्यांचा असा राग आला! गप्प बसले असते तर काय आभाळ कोसळणार होतं?

सातला दोन मतं पडली. चारलाही दोनच. बाकीच्यांना तेवढीही नाहीत. जागा रिकामी राहिली.

बाहेर आलो तर सात नंबरची चिठ्ठी मास्तरांच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या हातात. मुलगी बाकावर बसली होती. तिच्या हातात चार नंबर.

"बाबा, तुम्ही ओळखलंत तर तुमचं मत जाईल, म्हणून सहा महिने त्या श्वासाची सवय मोडत होते," ती म्हणाली. "ओळखलं नाहीत ना?"

"नाही."

"मग मत दिलंत?"

मास्तरांना खोटं बोलता येत नाही. तिच्या शेजारी बसत ते म्हणाले, "नाही गं. मीच पाडलं तुला."