मूर्तिजापूरहून परत

भाऊंना बसून चहा पिताना मी कधी पाहिलं नाही. अमरावतीच्या त्यांच्या छोट्या कार्यशाळेत मी हाताखाली काम शिकायचे, आणि ते कप हातात घेऊन येरझाऱ्या घालायचे. गळ्यातलं स्टॉपवॉच पोटावर आपटत राहायचं आणि बघणाऱ्याचा जीव टांगणीला. "भाऊ, बसा ना जरा," म्हटलं की उत्तर ठरलेलं. "बसलेल्या मानसाचं अन् थांबलेल्या आकड्याचं काई खरं नसते, पोरी."

कारखान्यांची मापयंत्रं तपासायचं आमचं काम. तापमानाचा सेन्सर गरम तेलात धरायचा, आकडा स्थिरावला की खऱ्या मापाशी ताडायचा आणि प्रमाणपत्रावर सही करायची. मी एवढंच शिकून आले होते. भाऊंचं तेवढ्यावर भागायचं नाही. ते सेन्सर बर्फाच्या पाण्यातून काढून थेट उकळत्या पाण्यात खुपसत, आणि खऱ्या आकड्यापर्यंत पोचायला त्याला किती सेकंद लागतात ते मोजत. "थो खोटं नाई बोलत, उशिरा बोलते. तेवढ्यात मानूस जाते." दर वेळी हेच पुराण. मला भारी वैताग यायचा.

अकोल्याच्या एका तेलगिरणीत वाफेच्या भांड्याचा सेन्सर तपासायला आम्ही गेलो होतो. तापमान हाताबाहेर जाऊ लागलं की त्याने भोंगा वाजवायचा, म्हणजे शेजारी उभा असलेला भट्टीवाला वेळेत बाजूला होईल. भाऊ दुसऱ्या यंत्रात गुंतलेले, म्हणून हा मीच तपासला. आकडा बिनचूक. बस पकडायची होती, सही ठोकली आणि निघालो.

बसमध्ये भाऊंची चुळबुळ सुरू झाली. "बर्फातून काढून पाह्यला व्हता ना?"

"नाही," मी म्हणाले. खोटं बोलायची सोयच नव्हती.

मूर्तिजापूरला गाडी थांबली आणि हा माणूस पिशवी घेऊन खाली.

"उद्या पाहू ना, भाऊ!"

"भट्टीवाला आज उभा हाय थितं."

मी चरफडत मागोमाग उतरले आणि उलटी बस पकडून आम्ही अकोल्याला परतलो. गिरणीसमोरच्या रसवंतीतून बर्फ आणला, सेन्सर त्यात बुडवला आणि काढून थेट उकळत्या पाण्यात घातला. आठ सेकंदांत जो आकडा यायला हवा, त्याला चाळीस सेकंद लागले. सेन्सरचं टोक त्याच्या बाहेरच्या संरक्षक नळीच्या तळाला टेकलंच नव्हतं, म्हणून उष्णता उशिरा पोचत होती. भाऊंनी टोक नीट बसवलं, पुन्हा मोजलं आणि कागद माझ्यापुढे सरकवला. "आता कर सई."

"काहून परत आले जी?" भट्टीवाल्याने विचारलं.

"चहा राह्यला व्हता," भाऊ म्हणाले, आणि उभ्याउभ्या प्यायलेही.

गेल्या वर्षी भाऊ अमरावतीला दवाखान्यात होते. मी गेले तेव्हा बोटाला ऑक्सिजनचा चिमटा लावून, श्वास रोखून, आकडा किती वेळाने खाली येतो ते मोजत होते. सिस्टर रागावल्या. आकडा सत्त्याण्णव होता.

"आकडा चांगला आहे, भाऊ. अकोल्याचं काम उरकून संध्याकाळी येते."

"थांबलेला आकडा हाय थो," ते म्हणाले. मग हसले. "जाय, जाय."

मूर्तिजापूरला बस थांबली. उतरून परत जावंसं फार वाटलं. पण आकडा चांगला होता, म्हणून बसून राहिले. अकोल्याच्या स्टँडवर पाय ठेवला आणि दवाखान्यातून फोन आला: भाऊ गेले.