छत्तीस बाळांची सरासरी

सरोवराकाठच्या त्या चार गावांतली निम्मी पोरं एलुबी चिपेताबाईंच्या हातावर जन्मलेली. सतरा वर्षं त्या एकाच आरोग्य केंद्रात सुईणपण करत होत्या. बाई कुणाला भीत नसत. जिल्ह्याहून आलेल्या डॉक्टरलाही आधी हात धुवायला पाठवत. पण यंदा जूनपासून, म्हणजे इकडची थंडी पडू लागल्यापासून, त्यांच्या जिवाला घोर लागला होता, आणि तो एका आकड्यानं लावला होता.

जिल्हा कचेरीतले आकडेवारीचे साहेब झिम्बा येऊन सांगून गेले, की इथल्या नवजात बाळांचं सरासरी वजन तीन किलो आहे, म्हणजे झकास आहे. तेव्हा गरोदर बायकांना मिळणारं मका-सोयाचं पीठ आता दुसऱ्या केंद्राला जाईल. बाईंना हे काही केल्या पटेना. दोन वर्षं मका करपलेला, मासळी आटलेली, पोटुशा बायका दिवसातून एकदा मक्याच्या पिठाची न्सिमा खाऊन राहत होत्या. बाळं हाताला हलकी लागत होती.

"हाताला लागतं म्हणून कसं चालेल, आमायी?" झिम्बा म्हणाले. "हाताला तर माझ्या सासूबाईंनाही बरंच काही लागतं! छत्तीस बाळं मोजा. ओळीनं येतील तीच, बारकी निवडायची नाहीत. खरी सरासरी तीन किलो असताना निव्वळ योगायोगानं इतकी कमी वजनं येणं शंभरात पाच वेळांहून कमी निघालं, तर पीठ राहील. नाहीतर ऑगस्टच्या पहिल्या शुक्रवारी ट्रक वळला म्हणून समजा."

मग सुरू झाली ती नुसती घालमेल. गुटगुटीत बाळ आलं की बाई हिरमुसायच्या, बारकं आलं की हायसं वाटायचं, आणि लगेच स्वतःचीच लाज वाटायची. ही कसली सुईण, जी देवाकडे किरकोळ पोर मागते?

बुधवारी छत्तिसावं बाळ झालं. सरासरी आली दोन किलो नऊशे दहा. बाईंनी तीनदा हिशेब केला. पण बाळाबाळांतला फरकच एवढा, की छत्तिसांच्या सरासरीत सत्तर ग्रॅम सहज इकडेतिकडे व्हावेत. नव्वदचा फरक त्याहून फारसा मोठा नव्हता. असं योगायोगानंही शंभरात दहा वेळा घडलं असतं. पीठ गेलं.

गुरुवारी सकाळी सदतिसावं बाळ झालं. ते काट्यावर ठेवताना त्याची आजी सवयीनं ओरडलीच, "गुंडाळा, गुंडाळा! लेकरू काय उघडं लोखंडावर टाकता या थंडीत?" बाळ तर नेहमीसारखं आईच्या चितेंजेत, कमरेला नेसायच्या जाड कापडात, गुंडाळलेलंच होतं. उघडं बाळ काट्यावर इथं कधी कुणी ठेवलंच नव्हतं. बाईंना शिकवणाऱ्या सिस्टरनंही नाही. बाईंनी बाळ कापडातून उचलून आजीनं पसरलेल्या शालीत दिलं. कापड काट्यावरच राहिलं, आणि काटा शून्यावर आला नाही. दोनशे तीसवर थांबला.

बाईंनी कापड उचललं, तेव्हा कुठे काटा शून्यावर आला. त्या व्हरांड्यात धावल्या आणि बसलेल्या बायकांकडून चितेंजे मागू लागल्या.

"बाळं संपली वाटतं!" एक जण म्हणाली. "आता कापडांचं बाळंतपण करणार बाई."

बायका खो खो हसल्या. बाईंनी बारा कापडं तोलली. सगळ्यांत हलकं भरलं दोनशे ग्रॅम.

शुक्रवारी झिम्बांनी कागदावर आकडे मांडले आणि दोनदा पडताळून पाहिले. "सगळ्यांत हलकं कापड वजा केलं तरी दोन किलो सातशे दहा," ते म्हणाले. "हे योगायोगानं हजारात एकदाही व्हायचं नाही. जिंकलात, आमायी. पीठ राहिलं. फक्त चूक कुणाची, तेवढं लिहावं लागेल."

"माझी. लिहा."

ट्रकमधून पोती उतरत होती, बाहेर बायका गाणं म्हणत होत्या, आणि बाई नोंदवही उघडून बसल्या होत्या. अडीच किलोच्या आतलं बाळ घरी सोडायचं नाही, आईच्या उघड्या छातीशी बांधून केंद्रातच ठेवायचं, हा नियम. बाई एकेक वजनातून दोनशे वजा करत गेल्या. अडीचच्या आत घसरलेली, पण ठणठणीत म्हणून दुसऱ्याच दिवशी घरी पाठवलेली पाच बाळं निघाली. भर जुलैच्या थंडीत पाठवलेली.

त्यांनी सायकल काढली. पहिल्या चार घरची बाळं जिवंत होती. मरगळलेली, पण जिवंत. त्यांना आयांसकट केंद्रावर धाडलं.

पाचवं घर फालेसीचं. तिचं बाळ जाऊन नऊ दिवस झाले होते. बाई तिच्यासमोर जमिनीवर बसल्या आणि सगळं सांगितलं. कापड, काटा, स्वतःची चूक, काही लपवलं नाही. बाईंना रडू आवरेना; फालेसी मात्र रडली नाही.

"वहीत दोन किलो सहाशे लिहिलं होतंत," ती म्हणाली. "मग माझं बाळ होतं तरी केवढं, आमायी?"

"दोन किलो चारशे," बाई म्हणाल्या. "कदाचित त्याहूनही कमी."