काटा ठरंना

नानांची किटली काट्यावर ठिवली आन आकडे नाचायला लागले. लाल आकडे. वर जात्यात, खाली येत्यात, परत वर. मी किटलीला हात लावला न्हाई, श्वास बी धरून ठिवला, तरी आपले नाचतच.

"बाय, ठरव की काय ते," नाना म्हनले. "मपली गाय छावणीत हाय, चाऱ्याच्या लायनीत उभं ऱ्हायचंय मला."

"मी न्हाई ठरवीत नाना, काटा ठरवतो."

"मंग काट्याला सांग."

मागं कुनीतरी हसलं. मला काय हसू आलं न्हाई.

मी आमच्या गावच्या दूध सोसायटीत दूध मोजायला हाय. केज तालुका. आठवीपातूर शाळा, मंग लगीन, मंग पोरगी. काम आसं, किटली ठिवायची, आकडा जाग्यावर थांबला की बटन दाबायचं, चिठ्ठी निगती. आकडा थांबल्याबिगर मशीन चिठ्ठीच देत न्हाई. थांबला की आमी म्हनतो काटा ठरला. दुष्काळात दूधच कमी, त्यामुळं सगळ्यांचा डोळा त्या आकड्यावर. मोठा दिसला आन बारक्यावर ठरला की मानसाला वाटतं मोजनाऱ्या बाईनं मधीच दूध खाल्लं.

त्यात भिंतीपलीकडून धाड् धाड् आवाज.

पलीकडं सोसायटीचं खताचं गोडाऊन. पाऊस न्हाई म्हनून खत न्हाई, गोडाऊन रिकामं. तिथं चेअरमन आबांचा पुतण्या अमोल आन त्याचे दोस्त वाजवत व्हते. त्यांचा गिटारीचा बँड. पुण्यात एक अल्बम काढलता, लई दणक्याचा, मंग आपसात भांडून पांगले. आता गोडी झाली म्हनून दुसरा काढायला आलते. अल्बम म्हंजी धा-बारा गानी येकजागी रेकॉर्ड करायची. आन आमच्याकडं लाईट सकाळी आन संध्याकाळी. दूध बी तवाच, गिटार बी तवाच.

तिसऱ्या का चौथ्या दिवशी आबा केंद्रात आले. सगळी रांग उभी व्हती.

"शीतल, लोकं म्हनत्यात तू काटा मारती."

काटा मारनं म्हंजी मापात चोरी. ऊसतोडीला मानसं नेनारा मुकादम नुकताच घरी येऊन बसून गेलता. ऊस तोडायला नवरा-बायकोची जोडी लागती, त्या जोडीलाच कोयता म्हनत्यात. ही नोकरी गेली की आमचा पुरा कोयता जानार, आन पोरगी फडात, पाचटावर, थंडीत. ती तितंच कोपऱ्यात झोळीत निजलती. मी तिच्याकडं बघितलं आन भ्याभ्यानं तोंडातून निघून गेलं,

"आबा, मी न्हाई मारत. तुमचा पुतण्या मारतो!"

रांग खदखदा हसली. आबा हसले न्हाईत. "दाखीव," म्हनले.

मी भरली किटली ठिवली. आकडा ठरला. मंग भिंतीवर हात आपटून वरडले, "भावजी, वाजवा!" पलीकडं धाडकन झालं आन आकडे पळाले. "थांबा!" थांबले, आकडा बी थांबला. आबांनी दोनदा बघितलं. अमोलला बोलावलं. त्याच्या मागं ढोल वाजवनारा फिरोज, अंबाजोगाईचा, लांबडा, हातात काड्या.

"वहिनी, कावून येवढं मनावर घेता? आमी दुपारी वाजवतो," अमोल म्हनला.

"दुपारी लाईट कुठं हाय?"

"मंग तुमी दूध दुपारी घ्या."

"गायीला विचारून ये जा," नाना म्हनले.

आबांनी टोपी काढली, परत घातली. "एक तर वाजवनं बंद, न्हाई तर..." आन माझ्याकडं बघून थांबले. पुतण्या रक्ताचा. मी कोन? मी झोळीची दोरी घट धरली.

फिरोज काट्यापशी येऊन बसला. काड्या खाली ठिवल्या आन रिकाम्या कॅनच्या झाकनावर बोटांनी वाजवायला लागला. डोळे आकड्यावर. जरा जोरात, आकडा हलला. जरा हळू, ठरला. "आबा, आठवडाभर द्या," म्हनला. "काटा हलला तर आमी गाशा गुंडाळतो."

आबा हूं म्हनले.

भिंतीत वर झरोका व्हता. मी दूध मोजता मोजता तिथून सांगायची. "हलला!" की गानं पयल्यापासून, आनखी हळू. "ठरला!" की पुढं. फिरोजनं काड्या सोडून तारांचे ब्रश घेतले. नाना झरोक्याखालून म्हनले, "वाजवतोय का घर झाडतोय रे?" अमोलची करंटवरली गिटार बी भिंत हलवायची. ती बाजूला गेली, साधी लाकडाची आली. तो आधी घसा फाडून गायचा, आता शेजारी बसल्या मानसाशी बोलावं तसं गायला लागला. मधीच चिडायचा. "आरं हे काय अंगाई हाय का?" फिरोज म्हनायचा, "हळू बे, नोकरी हाय वहिनीची."

आठवड्यात काटा ठरायला लागला. चिठ्ठ्या पटापटा निगाल्या, रांगेतली कुजबुज गेली. मुकादमाला नवऱ्यानं सांगितलं, यंदा अर्धा कोयता, मी एकलाच येतो. मी आन पोरगी गावात राहिलो.

अल्बम निघाला. नानांच्या नातवानं रांगेत मोबाईलवर लावला. पुण्याच्या लोकांनी लिहिलतं म्हनं, पोरं किती शांत झाली, शहानी झाली. अमोलनं फोनवर सांगितलं, "काय न्हाई वहिनी, शेजारी दूध व्हतं."

मंग काटा तपासायला मेकॅनिक आला. वाकून बघितलं आन म्हनला, "हा काटा भिंतीला कुनी चिकटवला? काटा भिंतीपासून हातभर लांब पायजे. वीतभर जरी सरकवला असता तरी पलीकडं काय बी वाजू द्या, हलला नसता."

त्यानं आन मी मिळून हातभर सरकवला. हाताला काय लई जोर लागला न्हाई.

दिवाळीला फिरोज आलता. मी म्हनले, "भाऊ, आता वाजवा मोकळ्या मनानं, काटा लांब घेतलाय." तो गोडाऊनात गेला. मी किटली ठिवून आकडा बघत बसले. आकडा जाग्यावर, पर लई टाईम झाला तरी पलीकडून धाड् धाड् ऐकू येईना. मला वाटलं वाजवायचाच राहिला. झरोक्यातून बघितलं तर वाजवत व्हता, ब्रशनं.

नवीन केंद्र काढायचं आसंल तर काटा भिंतीपासून लांब ठिवा. आन शेजारी कोन हाय ते आधी बघा.